नव्या संगणकाची पत्रिका

"आज आपण सर्व जण इतिहासाच्या उंबरठ्यावर उभे आहोत," रावसाहेब टेंबे म्हणाले, आणि हे वाक्य बसून म्हणण्यासारखं नाही असं लक्षात आल्यामुळे ते उठले. त्यांच्याबरोबर खुर्चीही उठली.

हातांची प्लॅस्टिकची खुर्ची होती आणि रावसाहेब प्रशस्त होते. इंदूताई ओगल्यांनी मागून खुर्ची ओढली, मी पुढून रावसाहेबांना धरलं आणि इतिहास थोडा वेळ उंबरठ्यावरच थांबला.

कऱ्हाडच्या 'ऋणानुबंध वधू-वर सूचक केंद्रा'ची ही कार्यकारिणीची सभा. दहा-अकरा वर्षं झाली या गोष्टीला. कार्यकारिणी म्हणजे आम्ही चौघं. रावसाहेब अध्यक्ष, त्यांचं कापडाचं दुकान होतं. इंदूताई खजिनदार. मी, म्हणजे अच्युत घैसास, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर घरात पायात पायात येतो म्हणून बायकोने इथे पाठवलेला कार्यवाह. आणि चौथे मोघे मास्तर. गणित शिकवण्यात त्यांचा जन्म गेला होता. निवृत्तीनंतर ते आपले आपण संगणक शिकले आणि त्यांनी केंद्रासाठी पत्रिका जुळवायचा प्रोग्राम लिहिला. मुलाची जन्मवेळ घाला, मुलीची घाला, छत्तीसपैकी किती गुण जुळतात ते कागदावर छापून येई. अठराच्या वर असले की लग्न. खाली असले की चहा पिऊन दोन्ही पक्ष आपापल्या गावी.

त्या कागदाला जिल्ह्यात मान होता. सांगली-साताऱ्याचे लोक स्थळ दुसरीकडून आणत आणि गुण आमच्याकडून काढून नेत.

इतिहासाचा मुद्दा असा होता की ज्या संगणकावर हे सगळं चालत होतं, तो रावसाहेबांच्या दुकानातून निवृत्त होऊन आमच्याकडे आला होता आणि त्याच्यात जुनी विंडोज एक्सपी होती.

"एप्रिलपासून कंपनी एक्सपीकडे बघणार नाही," पोतदार म्हणाले. पोतदारांचं चावडी चौकात संगणकाचं दुकान होतं. चाळिशी उलटलेला, अतिशय सभ्य आणि अविवाहित माणूस. "पुढे काही झालं तर वाली कोण? व्हायरस आला तर?"

"आपल्याकडे इंटरनेट नाही," इंदूताई म्हणाल्या. "येणार कुठून?"

"पेन ड्राइव्हमधून. पालक मुलामुलींचे फोटो घेऊन येतात ना."

"पोतदार, आपल्याकडे येणारे पालक चांगल्या घरचे असतात."

पोतदारांनी यावर वाद घातला नाही. ते म्हणाले, नवीन सिस्टीम घ्या, पण त्यावर मास्तरांचा प्रोग्राम काही चालायचा नाही. काळजी करू नका, बाजारात तयार प्रोग्राम मिळतो. गुण, दोष, परिहार, सगळं रंगीत.

"रंगीत!" रावसाहेब म्हणाले.

नवीन संगणक घ्यावा हा ठराव मीच मांडला. जुना सुरू व्हायला इतका वेळ घेई की तोवर पाहुण्यांचे पोहे संपत. इंदूताईंनी अनुमोदन दिलं. मोघे मास्तर एकटे म्हणाले, "माझा विरोध आहे."

"कारण?"

"आहे ते चालू आहे."

"मास्तर, हे कारण नाही," रावसाहेब म्हणाले. "तुमच्या प्रोग्रामबद्दल आम्हाला आदरच आहे. आमच्या अभिजितचे आणि शाल्मलीचे एकतीस गुण त्याच प्रोग्रामने काढले. एकतीस! पण काळाबरोबर जायला नको?"

अभिजितचे एकतीस रावसाहेबांच्या प्रत्येक भाषणात यायचे. एकदा एका शोकसभेतही आले होते.

असं ठरलं की पोतदारांनी पाडव्याच्या आदल्या दिवशी नवीन संगणक आणून चाचणी दाखवायची. पसंत पडला तर पाडव्याला उद्घाटन, वर्तमानपत्रात फोटो. "आणि उद्घाटनाची पहिली पत्रिका," रावसाहेब माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "आपल्या कार्यवाहांच्या मृदुलाची! मी परवा फोनवर पेंढारकरबाईंना सांगूनसुद्धा टाकलं. त्या म्हणाल्या, मग नव्यावरचाच कागद द्या."

मी हसलो. हसायला काही हरकत नव्हती. मृदुलाची पत्रिका मी आधीच जुन्या संगणकावर गुपचूप काढून पाहिली होती. सत्तावीस.

*

मृदुला माझी धाकटी. साताऱ्याला फिजिओथेरपी करायची. तिच्याकडे निनाद पेंढारकर नावाचा एक प्राध्यापक आखडलेला खांदा घेऊन आला. खांदा महिन्याभरात मोकळा झाला, तरी तो येत राहिला. मुलगा निर्व्यसनी, मनमिळाऊ आणि आईच्या शब्दाबाहेर न जाणारा. त्याच्यात काही वाईट नव्हतं, हीच अडचण होती. आई, म्हणजे नलिनीताई पेंढारकर, यांची एकच अट होती. ऋणानुबंधचा कागद.

"आमच्या घरात अठराच्या खाली कुणी आलेलं नाही," त्या पहिल्याच भेटीत म्हणाल्या होत्या. माप उंचीचं असावं तसं.

मी आपला निर्धास्त होतो. चाचणीच्या दोन दिवस आधी सहज पोतदारांच्या दुकानात गेलो.

"बघू तरी तुमचा रंगीत प्रोग्राम," म्हटलं, आणि मृदुला-निनादचं जन्माचं सगळं घातलं. पडद्यावर एक गणपती आला, फिरला, गेला. मग आकडा आला.

"साडेसात," पोतदार म्हणाले.

"कशाचे?"

"गुण. छत्तीसपैकी. प्रिंट काढू?"

"नको."

"रंगीत येईल."

"पोतदार, नको म्हणतोय ना."

तिथून उठलो तो सरळ सोमवार पेठेत, मास्तरांच्या घरी. मास्तर चष्म्याची दांडी दोऱ्याने बांधत बसले होते, त्यामुळे समोर कोण आलंय ते त्यांना आवाजावरून ठरवावं लागलं.

"मास्तर, तुमचा प्रोग्राम सत्तावीस म्हणतो. पोतदारांचा साडेसात. चूक कुणाची?"

"कुणाची नाही. दोन्ही बरोबर."

"सत्तावीस आणि साडेसात, दोन्ही?"

"हो."

"तुम्ही गणित शिकवत होतात!"

"म्हणून तर खात्रीने सांगतोय," मास्तर म्हणाले. "चहा घेणार?"

मी चहा घेतला. त्यापलीकडे त्यांच्याकडून काही निघालं नाही.

घरी येऊन विजयाला सांगितलं. ती मटार सोलत होती. तिने सगळं ऐकून घेतलं, एक किडका दाणा बाजूला टाकला आणि म्हणाली, "मग नको म्हणा त्या नव्या संगणकाला."

"अगं, ठराव मीच मांडलाय."

"मागे घ्या. तुम्हाला काय, सवय आहे. गॅलरीला जाळी लावणार होतात, ते घेतलंतच की मागे."

"आणि पेंढारकरबाईंना काय सांगू? त्या नव्यावरचा कागद मागतायत."

एवढ्यात मृदुला बाहेर आली. तिने आतून सगळं ऐकलं होतं.

"बाबा, सात येऊ देत नाहीतर सत्तावीस. मी निनादशीच लग्न करणार."

"तू करशील गं. निनाद करेल?"

"करेल."

"आईला न विचारता?"

मृदुलाने आईच्या पुढ्यातली एक शेंग उचलली आणि सोलायला घेतली. बराच वेळ ती एकच शेंग सोलत होती. त्या रात्री ती जेवली नाही, आणि जेवली नाही हे कुणाला कळू नये म्हणून ताटं मात्र तिनेच घासली.

*

चाचणीच्या दिवशी रावसाहेब नारळ घेऊन आले. बरोबर अभिजितची जुळी मुलंही आणली होती, कारण सुनेला पाडव्याची खरेदी करायची होती. जुळी चार वर्षांची होती आणि आल्याआल्या दोन दिशांना गेली.

नवीन संगणक टेबलावर मांडला होता. शेजारी जुना, डोक्यावर इंदूताईंनी विणलेलं टोपरं घालून बसलेला. घरात नवी सून आल्यावर सासू बसते तसा.

रावसाहेबांनी नारळ फोडला. मी घसा साफ केला.

"अध्यक्षमहाराज, मला माझा ठराव मागे घ्यायचाय."

"आता? नारळ फोडल्यावर?"

"जुना संगणक बरा वाटतो."

"घैसास, तुम्हीच म्हणत होता, पोहे संपतात म्हणून!"

"पोहे थोडे जास्त करता येतील."

"काहीतरीच काय अच्युतराव," इंदूताई म्हणाल्या. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा खिडकीबाहेर पाहू लागले.

"उद्या मुलीचं आहे, म्हणून घाबरलेत ते," रावसाहेबांनी निकाल दिला. "बापाचं काळीज आहे! बरं, मृदुलाची उद्या. आज चाचणीला आमच्या अभिजितची काढा, पोतदार. एकतीस येणार हे माहीत आहे. पण सुरुवात शुभ आकड्याने होऊ दे."

मला काही बोलायचं होतं. पण रावसाहेब जन्मवेळा पाठ म्हणत होते आणि पोतदार टाइप करत होते. गणपती आला, फिरला, गेला.

"पाच," पोतदार म्हणाले.

"एकतीस," रावसाहेब म्हणाले.

"पाच आहेत, सर."

"खाली काहीतरी राहिलं असेल. वर सरकवा."

पोतदारांनी वर सरकवलं. खाली लाल अक्षरांत एक ओळ राहिली होती. ती त्यांनी सभ्यपणाने हळू आवाजात वाचली. "एकनाड. संततीस अत्यंत प्रतिकूल."

त्याच क्षणी संततीपैकी एकाने माउसची वायर ओढली. दुसरी संतती टेबलाखाली बसून प्रसादाचं खोबरं संपवत होती.

"जन्मवेळ चुकली असेल," रावसाहेब म्हणाले. वेळ पुन्हा घातली. पाच. दुपारची वेळ पहाटेची करून पाहिली. साडेचार झाले. "राहू द्या, पाचच बरे," ते घाईने म्हणाले, आणि मग त्यांचा आवाज चढला. "मास्तर! तुमच्या प्रोग्रामात एकतीस कसे आले होते?"

मास्तरांनी खिडकीकडची मान वळवली.

"पाच त्यांचे होते," ते म्हणाले. "सव्वीस माझे."

टेबलाखाली खोबरं चावल्याचा आवाज तेवढा येत होता.

"म्हणजे?" इंदूताईंनी विचारलं.

"ग्रेस. परीक्षेत देतात तसे."

"पत्रिकेत ग्रेस?"

"अहो, बोर्डसुद्धा देतं. पोरगं बाकी सगळ्यात पास आहे आणि एका विषयापायी वर्ष वाया जातंय, तर तपासणारा माणूस काय करतो?" मास्तर माझ्याकडे वळले. "घैसास, प्रोग्राम शेवटी एक प्रश्न विचारतो. काय विचारतो?"

मी तो प्रश्न इतकी वर्षं भरत आलो होतो. "मुलामुलीची एकमेकांना पसंती आहे का? हो किंवा नाही."

"तो कशासाठी आहे असं तुम्हाला वाटायचं?"

"वार्षिक अहवालासाठी." आमच्या अहवालात 'पसंतीची टक्केवारी' असा एक तक्ता असे. मीच करत असे. त्याला रावसाहेबांनी एकदा शाबासकीही दिली होती.

"'नाही' भरलंत तर शास्त्र सांगेल तेवढेच गुण येतात. तिथे मी अर्धा गुणसुद्धा इकडचा तिकडे केलेला नाही. ज्यांना एकमेकं नकोच आहेत, त्यांना कशाला पास करायचं? 'हो' भरलंत आणि गुण कमी पडत असले, तर तो त्यांना अठराच्या पुढे कुठेतरी नेऊन ठेवतो. सगळ्यांना अठराच दिले असते तर तुम्हाला शंका आली असती. म्हणून कुणाला बावीस, कुणाला सत्तावीस."

"आणि आम्हाला एकतीस?" रावसाहेबांचा आवाज जरा खोल गेला होता.

"ते मी हाताने घातले. तुम्ही अध्यक्ष."

"मास्तर, ही लोकांची शुद्ध फसवणूक आहे!"

"असेल," मास्तर म्हणाले. "रावसाहेब, तुमचा अभिजित आणि शाल्मली तेव्हा वर्षभर एसटी स्टँडमागच्या गुऱ्हाळात उसाचा रस पीत होती. सगळ्या कऱ्हाडला माहीत होतं, तुम्ही सोडून. पाचाचा कागद तुमच्या हातात दिला असता तर तुम्ही काय केलं असतंत?"

रावसाहेब काय करतील हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. त्यांनाही होतं.

"माझ्या लेकीचे, वर्षाचे, चोवीस होते," इंदूताई स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. पोतदारांचा हात कळफलकाकडे गेला. "खबरदार! काढायचे नाहीत, पोतदार. चोवीस होते, तेवढं पुरे."

बावीस, पंचवीस, एकोणतीस असे आकडे घेऊन आनंदाने बाहेर पडलेली जोडपी माझ्या डोळ्यांपुढे येत होती. त्यांच्या मुलांची बारशी जेवून झाली होती.

रावसाहेब लाल झाले होते. "हे चालणार नाही. उद्यापासून नवा प्रोग्राम. जे खरं असेल ते लोकांना कळलं पाहिजे. ज्याचे पाच, त्याला पाच! घैसास, लिहा."

मी लेखणी उचलली. नवा प्रोग्राम म्हणजे उद्या नलिनीताईंच्या हातात साडेसात. रंगीत. मला मृदुलाची ती एकच शेंग दिसत होती. मी तरीही लिहायला लागलो, कारण कार्यवाहाचं कामच ते.

"बाबा, झाली का सभा?"

दारात शाल्मली उभी होती, रावसाहेबांची सून. दोन्ही हातांत पिशव्या, कपाळावर घाम. "पोरांनी त्रास नाही ना दिला? तुमच्या गोळ्या घरीच राहिल्या होत्या, त्या आधी घ्या बघू." तिने पिशवी खाली ठेवून गोळ्यांची डबी रावसाहेबांच्या हातात दिली, टेबलाखालून एक मुलगा ओढून काढला आणि पडद्याकडे वळली. "हा का नवीन? बघू?"

रावसाहेब चटकन पुढे झाले आणि पडद्यासमोर उभे राहिले. मघाशी सांगितलंच, माणूस प्रशस्त होता. संगणक होता की नव्हता अशी परिस्थिती झाली.

"कसा आहे, बाबा?"

रावसाहेबांनी तिच्याकडे पाहिलं. मग हातातल्या डबीकडे.

"चांगला आहे," ते म्हणाले. "पण अनुभव नाही त्याला. आपल्या कामाचा नाही."

शाल्मली मुलं घेऊन गेली. रावसाहेबांनी पाण्याशिवायच गोळी गिळली. पडद्यासमोरून मात्र ते पोतदारांनी बटण बंद करेपर्यंत हलले नाहीत.

"लिहा, घैसास. नवीन संगणक फोटो आणि हिशेबासाठी घेण्यात यावा. गुण मात्र जुन्यावरच काढावेत. एकमताने मंजूर."

"सर, पण कंपनी आता त्याच्याकडे बघणार नाही..." पोतदार म्हणाले.

"आपण बघू. तुम्ही बघा. बंद पडला तर दुरुस्त करा, भाग मिळेनासे झाले तर कोल्हापूर पालथं घाला." रावसाहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "पोतदार, उद्या तुमच्यासाठीसुद्धा तो लागणार आहे."

पोतदार लाजले. मग कुणी न सांगताच त्यांनी जुन्याच्या डोक्यावरचं टोपरं नीट केलं.

*

पाडव्याला नलिनीताई आल्या. नव्यावरचा कागद का नाही, असं त्यांनी विचारलंच. रावसाहेब म्हणाले, "ताई, आमच्या घरच्या लग्नाला आम्ही हाच वापरला," आणि पुढचा आकडा, आयुष्यात पहिल्यांदाच, त्यांनी सांगितला नाही.

मी जुना संगणक सुरू केला. सगळ्यांचे पोहे संपले. शेवटी तो प्रश्न आला. मी मागे वळून पाहिलं. निनाद आणि मृदुला बाकावर बसली होती, मध्ये सभ्यतेपुरती जागा सोडून. मी 'हो' भरलं. वार्षिक अहवालासाठी नव्हे, असं पहिल्यांदाच.

नलिनीताईंनी पर्समधून पेन्सिल काढली आणि कागदावरची सगळी बेरीज स्वतः करून पाहिली. पण मास्तर गणिताचे होते. ग्रेस त्यांनी प्रत्येक रकान्यात अशी वाटून दिली होती की बेरीज बरोबर सत्तावीस आली.

"छान," नलिनीताई म्हणाल्या. मग पेन्सिल परत ठेवता ठेवता मृदुलाला म्हणाल्या, "ये गं इकडे. तो खांद्याचा व्यायाम दाखव मला. माझाही दुखतो."

त्या दिवशी संध्याकाळी मी घरी विजयाला सगळं सांगितलं. मास्तरांचे सव्वीस, पडद्यासमोरचे रावसाहेब, शेवटचा तो प्रश्न. श्रीखंडाची वाटी हातात घेऊन ती ऐकत होती. इतकं मन लावून तिने माझं बोलणं फार दिवसांत ऐकलं नव्हतं.

"आपले किती होते हो?" तिने विचारलं.

"कुणाला आठवतंय! तुझ्या मामांनी बोटांवर मोजले होते."

"उद्या केंद्रात जाल ना, तेव्हा आपल्या दोघांच्या पत्रिका घेऊन जा. काढून आणा एकदा."

"आता? तेहतीस वर्षांनी?"

"सहजच. बघू तरी किती येतात." तिने वाटीतलं श्रीखंड निपटून घेतलं आणि ती उठली. स्वयंपाकघराच्या दारात जरा थांबली.

"फक्त तो शेवटचा प्रश्न येईल ना," ती म्हणाली, "तिथे मला विचारल्याशिवाय काही भरू नका."